इडा, पिडा आणि ‘उपग्रह’

मंठेकर: शाळेच्या फळ्यावर रोज विज्ञानाच्या दोन ओळी लिहितो. काल लिहिलं, मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात इडा नावाचा साठेक किलोमीटर लांबीचा लघुग्रह आहे, डॅक्टिल हा त्याचा उपग्रह. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, कुणी सोडला?” काय सांगू?

अंबाजोगाईकर: पोरगं बरोबर बोललं. उपग्रह म्हटलं की आता श्रीहरीकोटाच आठवतं. ‘उप’ म्हणजे जवळचा, हाताखालचा, जसा उपसरपंच. आपल्याकडं यालाच नायबही म्हणतात. आता नायब तहसीलदार कुणाभोवती फिरतात हे वेगळं सांगायला नको. शब्द चुकीचा नाही, पण माणसानं सोडलेल्या यंत्रांनी तो बळकावलाय. ‘चंद्र’ लिहा.

नांदेडकर: चंद्र हे तर एकाचंच नाव ना?

अंबाजोगाईकर: होतं. ‘आमच्या गल्लीत तीन नारद आहेत’ हे व्याकरणातलं उदाहरण विसरलात का? गुरूचे चंद्र आपण बिनदिक्कत म्हणतोच की.

मंठेकर: अन् पोरं डॅक्टिलला उल्का म्हणायलेत.

अंबाजोगाईकर: उल्का म्हणजे आभाळात जळत जाणारी रेघ, जमिनीवर पोचलेला दगड तो अशनी. हा तर अजून वरच फिरतोय. लोणार तुमच्यापासून जवळ. तिथला खड्डा १.८ किलोमीटर रुंद. डॅक्टिल जेमतेम दीड किलोमीटरचा. खड्ड्याच्या तोंडात सहज बसेल, पण वर अख्खा डोंगर उरेल!

परभणीकर: नावाचंही बघा. क्रीट बेटावरच्या इडा डोंगरात ग्रीक कथांमधले डॅक्टिल राहायचे, आणि डॅक्टिल म्हणजे बोट. आईचं बोट धरलेलं लेकरूच जणू. इडा सापडला १८८४ साली, लेकरू मात्र गॅलिलिओ यान २८ ऑगस्ट १९९३ ला जवळून गेलं तेव्हाच्या फोटोंत दिसलं. लघुग्रहाला चंद्र असल्याचा तो पहिला पक्का पुरावा. बाकी ‘इडा’ वाचून आमच्या आजीनं लगेच ‘पिडा टळो’ म्हटलं असतं.

नांदेडकर: ‘इडाचा’ की ‘इडेचा’?

अंबाजोगाईकर: नाव बाईचं, म्हणून मी ‘इडेचा’ म्हणेन, सीतेचा तसं. लघुग्रह मनात धरून कुणी ‘इडाचा’ म्हटलं तरी भांडणार नाही.

मंठेकर: आज ‘इडेचा चंद्र’ लिहिलं. मधल्या सुट्टीनंतर बघतो तर खाली खडूनं ‘बळीचं राज्य येवो’.