मागचा एक्सल परत वाकला, हब बदलू का?

पेडलपंत:
मुलुंड ते पवई ऑफिसला सायकलने जातो. हायब्रिड आहे, मागे सात गिअर. वजन नव्वदीच्या पुढे (त्यावर सल्ला नको, घरी मिळतो). एलबीएस रोडच्या खड्ड्यांनी मागचा एक्सल (हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातून जाणारा दांडा) परत वाकलाय. मेकॅनिक म्हणतो, "नवा टाकतो, टेन्शन नका घेऊ." टाकू का?

चेनकव्हर:
मागे हबवर स्क्रूसारखं फिरवून बसवलेलं फ्रीव्हील (गिअरचक्र्यांचा गठ्ठा) आहे ना? मग नवाही वाकणार. त्या रचनेत उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला बसतात, तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सल अधांतरी. सात गिअरांचं फ्रीव्हील रुंद, म्हणून अधांतरी भाग जास्त. कॅसेटवाला फ्रीहब घ्या, म्हणजे एकाच दिशेने फिरणारी यंत्रणा हबमध्येच आणि गिअरचक्र्यांचा संच (कॅसेट) त्यावर सरकवून बसवायचा. शिमानोच्या फ्रीहबमध्ये उजवीकडचे छर्रे पार बाहेरच्या टोकाला, फ्रेमजवळ असतात. त्यात वाकणं क्वचितच. आधी फ्रेमच्या मागच्या फटीची आतली रुंदी मोजा. १३५ मिमी असेल तर हब सहज मिळेल.

सायनची_सई:
+१. आणि दादा, क्विक रिलीज (लीव्हर उघडून चाक काढायची सोय) असेल तर आजच चाक काढून बघा. एक्सल पोकळ असतो, तुटला तरी आतली काडी दोन्ही तुकडे धरून ठेवते. चालवताना कळतच नाही, फक्त चाक ब्रेकला घासतं.

पेडलपंत:
बापरे! घासतं तर आहे. सील्ड बेअरिंगचा घेऊ की कोन-छर्रेवाला (सुट्या छर्र्यांचा)?

चेनकव्हर:
आपल्याकडे सील्ड. पाऊस आणि खारी हवा, कोन-छर्रे उघडून ग्रीस भरायला कोणाला वेळ आहे? बेअरिंग गेलं तर त्यावरचा नंबर बघून नागदेवी स्ट्रीटला तेच मागायचं. फक्त सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरचं पाणी हबवर मारू देऊ नका, सीलमधूनही आत जातं. आणि फ्रीहबच्या खटक्यांना (पेडल मारताना चाकाला पकडतात ते) घट्ट ग्रीस नको, पातळ तेल. खटके चिकटले की उभं राहून पेडल मारताना पाय एकदम रिकामा जातो. पवईच्या चढाला मागे बस असताना ते नको.

सायनची_सई:
स्पोकही नवे लागतील, जुन्यांची लांबी बहुधा जुळणार नाही. मागे तीन-क्रॉसच (प्रत्येक स्पोक इतर तीन स्पोकना ओलांडतो) विणून घ्या. सरळ विणलेले स्पोक दिसतात भारी, पण हबची कड ओढून फोडतात.

पेडलपंत:
मोजलं, १३५ आहे. एक्सल अजून अखंड आहे, पण नवा हब बसेपर्यंत लोकलनेच. मुलुंड-ठाण्यात चाक नीट विणणारं कोणी?

चेनकव्हर:
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. सातची कॅसेट आठ-नऊ गिअरांच्या फ्रीहब बॉडीवर (कॅसेट बसते त्या भागावर) बसवायला साडेचार मिमीचा स्पेसर (जागा भरणारी कडी) लागतो, तो हबसोबतच घ्या.