पिस्तूल कमरेला लावायचं, तर आधी किती तास शिकायचं?

ह्यूस्टनकर
गेल्या शनिवारी टेक्सासच्या एलटीसीचा, म्हणजे पिस्तूल बाळगायच्या परवान्याचा, वर्ग केला. खरं तर इथे आता त्याची सक्ती नाही. 1 सप्टेंबर 2021 पासून, कायद्याची आडकाठी नसेल तर, 21 वर्षांवरच्या माणसाला बिनपरवाना पिस्तूल घेऊन फिरता येतं. मी परवाना काढतोय तो इतर काही राज्यांतही चालतो म्हणून.

रेंजवर 50 गोळ्या झाडायच्या: 3 यार्डांवरून 20, 7 वरून 20, 15 वरून 10. 250 पैकी 175 गुण मिळाले की पास. 3 यार्ड म्हणजे आमच्या ओट्यापासून फ्रिजपर्यंत, चुकायचं म्हटलं तरी कठीण. शेजारच्या लेनमधल्या गृहस्थांचं पिस्तूल मध्येच अडकलं. काय झालंय ते दाखवायला ते पिस्तुलासकट गर्रकन मागे वळले. बोट चापावर, नळीचं तोंड माझ्या पोटाकडे. प्रशिक्षकाने मनगट धरून हात पुन्हा समोर वळवला, आवाजही चढवला नाही. हे गृहस्थ दोन वर्षं ते पिस्तूल ट्रकमध्ये घेऊन फिरताहेत!

वर्ग सक्तीचाच हवा, असं माझं मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

शिकागोचा_अण्णा
असहमत. आमच्या इलिनॉयमध्ये सक्ती आहे, तिचा हिशेब ऐका. 16 तासांचं प्रशिक्षण, 5 वर्षांच्या परवान्याचे 150 डॉलर, त्याआधी फॉइड कार्ड (बंदूक जवळ ठेवायला लागणारं राज्याचं ओळखपत्र), क्लासची फी वेगळी. तुमच्या-माझ्यासारख्याचा फार तर एक वीकेंड बुडेल. मध्यरात्री पाळी संपवून एकटीने घरी येणाऱ्या, वस्तीत गोळीबाराचे आवाज ऐकणाऱ्या बाईने ते 16 तास कुठून काढायचे? गरज तिला जास्त, आणि अडवणूकही तिचीच.

शिवाय ही अट कशी वापरतात तेही आमच्याच शहराने दाखवलंय. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे शिकागोची हँडगनबंदी टिकेना. लगेच नवा नियम आला: घरात बंदूक ठेवायची तर रेंजवर तासभर प्रशिक्षण घ्या. आणि त्याच नियमांत शहराच्या हद्दीत लोकांसाठी रेंज काढायला बंदी! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार. 2011 मध्ये अपील कोर्टाने ती रेंजबंदी रोखली.

मंजिरी_एनजे
अण्णा, लबाडी रेंजबंदीत होती, शिकवण्यात नाही. 2022 च्या ब्रुएन निकालात सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कची 'खास गरज सिद्ध करा' ही अट उडवली, पण पार्श्वभूमीची तपासणी आणि प्रशिक्षण मागणाऱ्या राज्यांवर हरकत घेतली नाही. फक्त अवाच्या सवा फी आणि न संपणारी दिरंगाई चालणार नाही, असा इशारा तेवढा दिला. न्यूयॉर्कने मग 16 तास वर्गात आणि 2 तास रेंजवर असा नियम केला. मलाही तो जड वाटतो.

पण नेमबाजी बाजूला ठेवा. टेक्सासच्या त्या 4 ते 6 तासांच्या वर्गात भांडण मारामारीशिवाय कसं मिटवायचं हा विषय कायद्यानेच घातलाय. माझ्या लेखी तोच मुख्य. पार्किंगवरून कुणी शिवी दिली, तर काच वर करायची आणि निघून जायचं. कमरेला पिस्तूल असताना हे जमणं फार अवघड असतं हो.

नवा_भिडू
मी एच-वन-बीवर आहे. मला हा वर्ग करता येईल का?

ह्यूस्टनकर
@नवा_भिडू, थांबा. फेडरल कायद्याने तुमच्या व्हिसावर बंदूक जवळ बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय हातसुद्धा लावू नका. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं.

शिकागोचा_अण्णा
ह्यूस्टनकर, त्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते सांगितलं नाहीत.

ह्यूस्टनकर
पास झाले. माझ्यापेक्षा 12 गुण जास्त.

शिकागोचा_अण्णा
घ्या! मग सक्ती करून मिळवलं काय?

ह्यूस्टनकर
ते मनगट धरणं. दोन वर्षांत त्यांना कुणी टोकलं नव्हतं, घरी कोण टोकणार? पण परीक्षेत फक्त कागदावरची भोकं मोजतात, हे तुमचं खरं. नळी माणसाकडे वळली की तिथेच नापास, असं हवं होतं. आणि फीचा तुमचा मुद्दाही मान्य, ती सरकारने भरावी.

शिकागोचा_अण्णा
फी सरकार भरणार असेल तर मी 4 तासांना तयार आहे. 16 ला नाही.

मंजिरी_एनजे
8?

शिकागोचा_अण्णा
4. आणि रेंज शहराच्या हद्दीत.