एनडीएसाठी नेमकं कुणाशी बोलायचं? आणि कुणी बोलायचं?

कऱ्हाडची आई

परवा रात्री नऊला शेजारच्या वहिनी आल्या. त्यांचा मुलगा एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा पास झालाय, घरात पेढे वाटून झालेत. हातात एक चिठ्ठी होती, तिच्यावर तीन मोबाइल नंबर: एक कुणा निवृत्त कर्नलसाहेबांचा, एक आमदारांच्या पीएचा आणि एक क्लासवाल्यांचा. "ताई, तुमचा मुलगा गेलाय ना तिथे? मग यातल्या कुणाला फोन लावू ते सांगा."

मी म्हटलं, चिठ्ठी राहू द्या, आधी मुलाला बोलवा.

यावर माझं मत ठाम आहे. एनडीएत "प्रवेश देणारा साहेब" असा कुणी एक माणूस नसतोच. खडकवासल्याच्या गेटवर जाऊन चौकशी करणारे पालक मी पाहिलेत. प्रबोधिनी निवडून आलेल्या मुलांना घडवते, मुलं निवडण्याचं काम तिच्याकडे नाही. अर्ज, हॉलतिकीट आणि लेखी निकालाचं काही असेल तर दिल्लीत धोलपूर हाऊसला, परीक्षा घेणाऱ्या केंद्रीय लोकसेवा आयोगाचं सुविधा केंद्र आहे, सी गेटजवळ. कामाच्या दिवशी दहा ते पाच फोनवरही माहिती देतात. लेखीनंतरच्या एसएसबीच्या (सेवा निवड मंडळाच्या) मुलाखतीचं असेल तर मुलाने पहिली पसंती कशाला दिलीय ते बघायचं. भूदलाला दिली असेल तर दिल्लीतल्या आर. के. पुरमचं भरती संचालनालय, नौदलाला किंवा हवाई दलाला दिली असेल तर त्या त्या मुख्यालयाची भरती शाखा. अंतिम यादी लागल्यावर जन्मतारखेची, शिक्षणाची प्रमाणपत्रं राहिली असतील तर तीही आर. के. पुरमलाच पाठवायची, आयोगाला नाही. निकालाच्या पत्रकात हे स्पष्ट छापलेलं असतं. पण आपण यादीत नाव सापडलं की पुढचं वाचत नाही.

हे मी शिकले ते ठेच लागल्यावर. माझ्या मुलाची एसएसबी आणि बारावीची प्रॅक्टिकल एकाच आठवड्यात आली. त्याच्या बाबांनी मित्राला सांगितलं, मित्राने त्याच्या साडूला. आठ दिवस नुसते फोन चालू होते. शेवटी कळलं की ज्या कार्यालयात आम्ही खेटे घालत होतो, त्याचा तारखेशी संबंधच नव्हता. त्या रात्री मुलगा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसला आणि त्याने स्वतः ईमेल लिहिला. परीक्षेचं नाव आणि वर्ष, नोंदणी क्रमांक, रोल नंबर, पूर्ण नाव, जन्मतारीख, तीन ओळींत कारण, सोबत प्राचार्यांच्या सहीचं पत्र. मी मागे उभी होते. "बाबांचा नंबर टाकू का?" त्याने विचारलं आणि मग स्वतःच म्हणाला, "नको, माझाच टाकतो." पुढची तारीख मिळाली. तशी ती मिळतेच असं नाही, पण योग्य ठिकाणी मागितली म्हणून निदान उत्तर तरी आलं.

आईबापांनी पत्ता शोधून द्यावा. पत्र मात्र पोरानेच लिहावं.


निवृत्त सुभेदार, सातारा

ताई, अगदी बरोबर. त्या आमदारांच्या पीएच्या नंबराबद्दल एक सांगतो. परीक्षेशी संबंधित माणसावर कुणाकरवी दबाव आणणं हा आयोगाच्या नियमांत गैरप्रकार धरलाय, उमेदवारी रद्द होऊ शकते. आणि एसएसबीत वशिला लावणार तरी कुठे? मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी घेणारा आणि मुलाखत घेणारा, तिघं आपापले गुण स्वतंत्रपणे देतात, शेवटच्या दिवशीच्या बैठकीत सगळं एकत्र येतं. माझ्या छत्तीस वर्षांच्या ओळखी आहेत, तरी माझ्या पुतण्यासाठी मी एकही फोन केला नाही. तो पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगला बाहेर पडला, दुसऱ्या खेपेला निवडला गेला.


गणिताचा शिक्षक, जत तालुका

तुमच्या मुलाचं कौतुक आहे, पण ताई, तुमचं मत मला पटत नाही आणि का पटत नाही ते मोकळेपणाने सांगतो.

तुमच्या घरात टेबल होतं, इंटरनेट होतं, पत्र कसं लिहायचं हे ठाऊक असलेली आई मागे उभी होती. माझ्या वर्गातली एक मुलगी गेल्या खेपेला लेखी पास झाली. वडील ऊसतोडीला जातात. तिचा अर्ज तालुक्याच्या नेट कॅफेत भरलेला. ईमेल कुणाचा टाकलेला? कॅफेवाल्याचा. मोबाइलही त्याचाच. निकाल लागला तेव्हा आम्ही शाळेत टाळ्या वाजवल्या. पुढे भूदलाच्या संकेतस्थळावर दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते, हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आठवणीचा मेल आला असेल तर तो कॅफेवाल्याच्या इनबॉक्समध्ये, लग्नपत्रिकांच्या आणि सातबाऱ्याच्या फाइलींखाली गेला. आम्हाला कळलं तेव्हा महिना उलटला होता.

तिने कुणाला पत्र लिहायचं होतं? परीक्षेची जाहिरात इंग्रजी-हिंदीत. दिल्लीला फोन लावायचा तर बोलायचं हिंदीत, आणि ही मुलगी आमच्या हेडमास्तरांशी बोलतानाही पदर ओढून उभी राहते. कामाप्रमाणे दार वेगळं, असं तुमचं म्हणणं, पण तिला घर कुठल्या गल्लीत आहे तेच माहीत नाही. मला वाटतं महाराष्ट्रात निदान एक माणूस नेमलेला असावा, ज्याचं नाव आणि नंबर प्रत्येक ज्युनिअर कॉलेजच्या फळ्यावर असेल आणि जो मराठीत बोलेल. अशा माणसाची गरज वाटणं म्हणजे वशिला शोधणं नव्हे. दोन्ही गोष्टी तुम्ही एका चिठ्ठीत घातल्यात.


न्यूजर्सीहून मावशी

सरांच्या बाजूने लिहितेय. माझा भाचा इथेच जन्मलेला, अमेरिकेचा नागरिक. त्याने ॲनापोलिसच्या नौदल अकादमीसाठी अर्ज केला होता. तिथे प्रत्येक भागासाठी "ब्लू अँड गोल्ड ऑफिसर" असतात, बरेचसे अकादमीचे माजी विद्यार्थी, विनावेतन काम करणारे. ते मुलाला भेटतात, शंका सोडवतात, मुलाखत घेतात आणि अकादमीला अहवाल देतात. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीलाही भागवार अधिकारी असतात. त्याशिवाय नामनिर्देशन लागतं, बहुतेक मुलं आपल्या भागाच्या काँग्रेस सदस्याकडे किंवा राज्याच्या दोन सिनेटरांकडे ते मागतात. मला आधी वाटलं, म्हणजे पुढाऱ्याची चिठ्ठीच की! पण तसं नव्हतं. त्यांच्या कार्यालयाचा छापील अर्ज, निबंध, शिफारसपत्रं आणि मुदत, सगळं उघड्यावर.

मात्र एका बाबतीत कऱ्हाडच्या ताईंशी सहमत. भाच्याच्या त्या अधिकाऱ्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की फोन त्याचाच यायला हवा, आईचा नाही.


एसएसबी तीनदा दिलेला, पुणे

मावशी, तिकडचं तिकडे ठीक आहे. आपल्याकडे लेखीलाच लाखो मुलं अर्ज करतात. भेटून अहवाल देणारा माणूस जिल्ह्याजिल्ह्यात नेमला तर पहिल्या वर्षीच त्याच्या दारात गाड्या उभ्या राहतील. मी भोपाळ, बंगळूर आणि प्रयागराज या तिन्ही केंद्रांवर जाऊन आलोय, तिन्ही वेळा पडलो, आणि तरीही छातीवर हात ठेवून सांगतो की तिथे मी कोणाचा कोण हे कुणी विचारलं नाही. छातीवर चेस्ट नंबर, बस्स. माझे वडील एसटीत कंडक्टर. मला हेच हवं होतं. अहवाल लिहिणारा मधला माणूस कृपा करून आणू नका.


गणिताचा शिक्षक, जत तालुका

अहवाल लिहिणारा नकोच. मी फक्त उत्तर देणारा मागतोय.


लेकीचा बाप, नाशिक

मला वेळेबद्दल बोलायचंय. 2022 पासून मुली एनडीएत जाऊ लागल्या, आमच्या घरातही स्वप्न शिरलं. लेक एसएसबीतून निवडली गेली आणि वैद्यकीय तपासणीत अनफिट ठरली. अपील मेडिकलसाठी, म्हणजे फेरतपासणीसाठी, 42 दिवस असतात. काय करायचं ते वैद्यकीय मंडळाने तिला तिथेच सांगितलं होतं, कागदही दिला होता. पण मी तिला म्हटलं, थांब, माझ्या ओळखीचे एक डॉक्टर लष्करी रुग्णालयात आहेत, ते बघतील. ते बिचारे दुसऱ्याच शहरात, दुसऱ्याच विभागात. त्यांच्या उत्तराची वाट बघण्यात दिवस गेले. कागद कपाटात होता, पत्ता त्या कागदावर होता. तिने मला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. आता ती इंजिनिअरिंगला आहे. तो कागद मी अजून फाडलेला नाही.


कऱ्हाडची आई

नाशिकच्या दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

जतचे सर, तुमचं म्हणणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या मुलाच्या मागे मी उभी होते हे मी सहज लिहून गेले, पण तेच मोठं होतं. "पोरानेच लिहावं" या मतावर मी अजूनही आहे, कारण उद्या त्या मुलीला पलटणीसमोर उभं राहून बोलायचंय. पण कुणाला लिहायचं हे तिला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, आणि तो कुणीतरी तिच्या गावात नव्हता.

नेमलेला अधिकारी येईल तेव्हा येवो. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे, माजी सैनिकांचं तिथे जाणं-येणं असतं. सुभेदारसाहेब, तुमच्या ओळखी वशिल्याला नकोत, पण सांगलीत याच कामासाठी महिन्यातून एक शनिवार बसणारी दोन माणसं तुम्ही शोधू शकाल का?


निवृत्त सुभेदार, सातारा

एक मी स्वतः. दुसरा उद्या सांगतो. मिरजेत माझ्या युनिटचा हवालदार क्लार्क आहे, आयुष्यभर कागदच पाहिलेत त्याने.


गणिताचा शिक्षक, जत तालुका

साहेब, मी मुलांना घेऊन येतो. एसटीचं भाडं शाळेच्या वर्गणीतून होईल. ती मुलगी अजून वयात बसते, एक संधी शिल्लक आहे. अभ्यासक्रम सुरू होताना वय साडेएकोणिसाच्या आत हवं, म्हणजे अर्ज येत्या खेपेलाच भरायला हवा. तिला काय तयारी करून आणू?


कऱ्हाडची आई

सर, तिला तिच्या स्वतःच्या नावाचा ईमेल उघडायला सांगा. फोन घरचा असेल तरी चालेल, कॅफेवाल्याचा नको. दहावीचं प्रमाणपत्र आणावं, नाव आणि जन्मतारीख त्यावर आहे तशीच अर्जात भरायची. एक वही आणा, पहिल्या पानावर नोंदणी क्रमांकासाठी जागा सोडा. आणि एसएसबीला ती पहिल्यांदाच जाईल, तेव्हा एसी थ्री टिअरचं जाण्यायेण्याचं भाडं मिळतं, हे तिच्या वडिलांना आत्ताच सांगून ठेवा. पैशाच्या भीतीने ते नाही म्हणायला नकोत.

मीही येते त्या शनिवारी. कऱ्हाडहून सकाळची गाडी धरते.