मदत हवी आहे: क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथच्या अनुवादासाठी कोणती संहिता धरावी?

क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ या अमेरिकन कवी-कथाकाराच्या (१८९३–१९६१) निवडक कथा-कविता दिवाळी अंकासाठी मराठीत आणायच्या आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे २०२२ पासून वाट मोकळी. १९१२ आणि १९२२ च्या कवितासंग्रहांची काही अडचण नाही. घोडं अडलंय कथांपाशी. 'वंडर स्टोरीज' या मासिकाने १९३३ मध्ये मंगळाच्या गुहेतल्या कथेचा शेवट त्याला न विचारता बदलून छापला, त्यामुळे मासिकातल्या पाठावर भिस्त ठेवणं धोक्याचं. हस्तलिखितं ताडून सुधारलेल्या आवृत्त्या त्याच्या पश्चात निघाल्या. मरणोत्तर प्रथमच छापलेल्या साहित्याची मुदत मात्र प्रकाशनापासून मोजतात. मग पुन्हा घातलेल्या परिच्छेदांना कुठला हिशेब? कुणी अशी परवानगी काढली असल्यास पत्र कुणाला लिहायचं, तेही सांगा.