४५ हजारांत पहिला गेमिंग पीसी: नाशिकमध्ये काय घ्यावं, काय टाळावं?

पाथर्डीफाटा०७
नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आजवर सगळं मोबाइलवरच खेळलो. दोन सुट्ट्या अंबडला एका वर्कशॉपमध्ये काम केलं, थोडे बाबांनी घातले, असे ४५ हजार जमलेत. व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि जमलंच तर सायबरपंक खेळायचाय. शिवाय कॉलेजचं ऑटोकॅड आहेच. एका दुकानातून ३४ हजारांचं कोटेशन मिळालंय: आय७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, आरजीबी कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर. मित्र म्हणतो डोळे झाकून घे, ११ हजार वाचतात. मला मात्र काहीतरी खटकतंय. घेऊ का?

गोदाकाठचा_सोल्डर
खटकतंय ते बरोबरच आहे. आय७च्या पुढचा आकडा काय? मदरबोर्ड कुठला? कार्डचं पूर्ण नाव? आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, कुठल्या कंपनीचा? एवढं विचारून ये, मग बोलू.

पाथर्डीफाटा०७
विचारलं. आय७ २६००, बोर्ड एच६१, कार्ड जीटी ७३०. एसएमपीएसचं म्हटलं तर म्हणाले, "तो कॅबिनेटबरोबर येतो, त्याचं टेन्शन नको."

गोदाकाठचा_सोल्डर
टेन्शन त्याचंच घे.

आय७ २६०० हा २०११चा प्रोसेसर. आपल्या काळात राजा होता, पण आज साधा आय३ १२१०० त्याला मागे टाकतो. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, हा दुसरीतला. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. जुगाड करून ११ टाकशीलही, पण ११वर व्हॅलोरंटचं अँटी-चीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डाच्या सुरक्षेच्या सोयी मागतं, त्या एवढ्या जुन्या बोर्डवर मिळणार नाहीत. म्हणजे ज्या गेमसाठी पीसी घेतोयस तोच दारात अडणार.

जीटी ७३० हे २०१४चं. ऑफिसात दुसरा मॉनिटर जोडायला ठीक आहे. ४ जीबीला भुलू नको, मेमरी जुनी, सावकाश डीडीआर३ आहे. टाकी हजार लिटरची आणि नळ करंगळीएवढा, असला प्रकार. यात तुझे ११ हजार वाचत नाहीत, ३४ जातात.

कॉलेजरोड_नाइटशिफ्ट
सोल्डरभाऊंशी सहमत. माझा सल्ला: रायझन ५ ५६००जी घे. ग्राफिक्स आतच आहे, कार्ड नंतर टाकता येईल. मी वर्षभर असंच खेळले. व्हॅलोरंट मख्खन चालतो, जीटीए ५ सेटिंग खाली आणून चालतो. फक्त रॅम १६ची एक स्टिक नको, ८-८च्या दोन हव्यात. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, एका स्टिकवर त्याचा जीव जातो.

गोदाकाठचा_सोल्डर
ताई, तुमचं बरोबर आहे, पण तो सायबरपंक म्हणतोय. ५६००जीवर सायबरपंक म्हणजे स्लाइड शो नसला तरी पोरगं महिन्याभरात कार्ड शोधायला लागणार. आणि पुढे कार्ड लावल्यावर ५६००जी थोडा कमीच पडतो: कॅश (प्रोसेसरची आतली झटपट मेमरी) १६ एमबी, साध्या ५६००मध्ये ३२. शिवाय पीसीआयई, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता, ५६००जीला जुना ३ मिळतो, ५६००ला ४. कार्ड सहा महिन्यांत घ्यायचंच असेल तर आधीपासून ५६०० घ्यावा. कार्ड कधी येईल देव जाणे, अशी परिस्थिती असेल तर ५६००जी.

पाथर्डीफाटा, घरी टीव्ही आहे का? एचडीएमआयवाला?

पाथर्डीफाटा०७
३२ इंची आहे, फक्त एचडी रेडी. पण संध्याकाळी सात ते दहा आईच्या मालिका.

गोदाकाठचा_सोल्डर
मग दहानंतर खेळ! मॉनिटर चार महिने पुढे ढकल आणि ते पैसे कार्डात घाल. टीव्हीत गेम मोड असेल तर सुरू कर, नाहीतर माउस हलवल्यावर बाण सावकाश निघतो.

भाव रोज हलतात, म्हणून आकडे देत नाही, यादी देतो. रायझन ५ ५६००, बी४५० किंवा बी५५० बोर्ड. बी४५० घेतलास तर रायझनच्या ५००० मालिकेसाठी बायोस (बोर्डाचा आतला प्रोग्राम) अपडेट केलेलं आहे ना, हे दुकानातच चालू करून बघ. कार्ड आरएक्स ६६००, ८ जीबी. १०८० पीला आजही छान चालतं आणि १३२ वॉटच खातं. नवं बसत नसेल तर सेकंडहँड, पण मूळ बिल आणि बॉक्सवरचा सीरियल नंबर जुळलाच पाहिजे. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, हात लावू नको. ४ जीबी मेमरी, त्यात पीसीआयईच्या चारच लेन. बी४५०सारख्या पीसीआयई ३ बोर्डवर आणखी हळू होतं.

रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून भडकलेत. डीडीआर४च्या ८-८च्या दोन स्टिक वापरलेल्या मिळाल्या तर खुशाल घे, फक्त एक रात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालव. एसएसडी ५०० जीबी एनव्हीएमई. कॅबिनेट साधं, पण पुढून जाळीचं. काचेच्या पेटीतले दिवे सुंदर दिसतात, आणि नाशिकचा मे महिना आत कोंडतो.

आता एसएमपीएस. माझ्या पहिल्या पीसीत असाच कॅबिनेटबरोबरचा होता, वर ठळक "५०० वॉट". जूनमधल्या पहिल्या वादळात लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि फट् झालं. एकटा गेला असता तर वाईट वाटलं नसतं, जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. हातात घेऊन बघितलं तर डब्यात निम्मी हवाच होती. तुझी मशीन पूर्ण जोरात ३०० वॉटच्या आत राहील, पण कंपनीचा ५५० घे. एमएसआयचा ए५५०बीएन किंवा डीपकूलचा पीके५५०डी बघ. ८० प्लसचं लेबल वीज किती वाया जाते तेवढंच सांगतं, माल चांगला की वाईट ते नाही. त्यामुळे नुसतं लेबल बघून कुठलाही उचलू नको.

पंचवटी_पासधारक
सोल्डरभाऊंनी सगळं सांगितलं, मी खरेदीचं सांगतो. एम.जी. रोड आणि कॅनडा कॉर्नर, दोन्हीकडे फिर. "गेमिंग पीसी द्या" म्हणू नकोस, कागदावर पार्ट लिहून ने आणि प्रत्येकाचा वेगळा भाव माग. एकूण आकड्यात सगळं लपतं. जीएसटी बिल नाही तर सौदा नाही, वॉरंटीला तेच लागतं.

बरेच जण सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन दादरला गाडी बदलतात, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठतात. दोन-तीन हजार सुटतातही. पण बोर्ड डेड निघाला तर पुन्हा तीच वारी! मी केलीय, दोनदा. बोर्ड आणि एसएमपीएस नाशिकातच घ्यावा असं माझं मत.

कॉलेजरोड_नाइटशिफ्ट
आणि ६०० व्हीएचा यूपीएस. खेळत राहायला नाही, नीट बंद करायला.

पाथर्डीफाटा०७ (तीन आठवड्यांनी)
सगळं घेतलं! कार्ड सेकंडहँड, बिलासकट, सीरियल जुळला. रॅम वापरलेली, रात्रभर मेमटेस्ट, एकही एरर नाही. यूपीएसला पैसे उरले नाहीत. काल रात्री स्वतः जोडला. पंखे फिरतात, दिवा लागतो, पण टीव्हीवर "नो सिग्नल". दोन तास झाले. प्रोसेसर खराब निघाला का? हात थरथरतायत.

गोदाकाठचा_सोल्डर
एचडीएमआयची केबल कुठे लावलीयस? वर, यूएसबीच्या शेजारी, की खाली कार्डात?

पाथर्डीफाटा०७
वर. बोर्डाला.

गोदाकाठचा_सोल्डर
५६००च्या पोटात ग्राफिक्स नसतं रे बाबा. खाली लाव.

पाथर्डीफाटा०७
आलं!!! आई विचारतेय, एवढं ओरडायला काय झालं.

कॉलेजरोड_नाइटशिफ्ट
बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू कर, नाहीतर ३२००ची रॅम कमी वेगावरच पळत राहील. आणि सात वाजायच्या आत केबल काढून ठेव.