विहिरीचं पाणी बोअर ओढतोय का? कागल भाग, जाणकारांनी मदत करा

नमस्कार मंडळी. आमचं रान कागल तालुक्यात, ऊस आणि थोडं सोयाबीन. आज्ज्याच्या काळातली चाळीस फुटी विहीर आहे, वरचे पंचवीसेक फूट मुरूम आणि खाली कातळ. दोन वर्षांमागं विहिरीच्या जवळच बोअर मारला, २४० फूट. २१० ला मांजऱ्या (बारीक छिद्रांच्या) खडकात पाणी लागलं आणि लागलं ते सरळ वर चढून ६० फुटांवर येऊन थांबलं. मशीनवाला म्हणाला खाली नदी वाहतीय, मोटर कितीबी चालवा.

पण बोअर झाल्यापासून विहीर लवकर तळ दाखवायला लागलीय. आधी मेपर्यंत ओढाताण करून का होईना पुरायची, आता शिमग्यालाच परसभर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढंच पाणी राहतं. आबा म्हणतात वरची झाडं तोडली म्हणून, चुलते म्हणतात बोअरनं गिळलं, घरात रोज हाच विषय.

अजून एक. तीन शेतं पलीकडच्या बोअरची मोटर सुरू झाली की आमच्या बोअरची पातळी तासाभरात उतरते, दोरीला वजन बांधून मोजलंय, पण बांधाला लागून शेजारच्या काकांची विहीर आहे ती दिवसभर उपसली तरी आमच्या विहिरीत वीतभरसुद्धा फरक नाही. लांबच्याचा परिणाम होतो आणि जवळच्याचा नाही हे कसं काय? आणि आत्ता विहिरीचं पाणी जमिनीपासून १८ फुटांवर, बोअरचं ६० वर, एकाच रानात दोन पातळ्या कशा?

आबा आता दुसरा बोअर विहिरीच्या काठालाच घ्यायचा म्हणतायत, गाडी पुढच्या आठवड्यात येणार. घ्यावा का? आणि पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडावं की विहिरीत? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद १:
दादा, आधी गाडी थांबवा. तुम्ही मोजलंय ते फार कामाचं आहे, उत्तर त्यातच आहे.

तुमच्या रानाखाली दोन वेगळी पाणी आहेत. आपल्याकडचा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर, मध्ये कुठं मांजऱ्या, कुठं काळा पाषाण, कुठं गेरूचा पट्टा. विहिरीला मुरमातलं पाणी येतं, त्याच्यावर झाकण नाही, पाऊस पडला की ते वर येतं, याला मुक्त जलधर म्हणतात. २१० फुटांवरचं पाणी काळ्या पाषाणाखाली दाबात कोंडलेलं आहे, तो बंदिस्त जलधर. नदीबिदी काही नाही, दगडाच्या छिद्रांत आणि भेगांत दाबाखाली अडकलेलं पाणी आहे. बोअरनं झाकण फोडलं, दाबानं पाणी चढलं आणि दाब संपला तिथं, म्हणजे ६० फुटांवर थांबलं.

आता लांबच्या मोटरचं. मुरमातून पाणी उपसलं की मुरूम खरोखर रिकामा होतो, आपल्या भागात शंभर लिटर मुरमातून साधारण एक ते तीन लिटर पाणी सुटतं, म्हणून खड्डा विहिरीभोवतीच पडतो आणि हळूहळू पसरतो. बंदिस्त थरात छिद्रं भरलेलीच राहतात, फक्त दाब उतरतो, तेवढ्याच दगडातून शेकडो पटीनं कमी पाणी सुटतं. म्हणून थोडा उपसा झाला तरी दाब लांबपर्यंत आणि लगेच उतरतो. टाकीच्या लाईनवर एक नळ सोडला की पलीकडच्या नळाची धार बारीक होते तसं.

आता विहिरीचं. वरचं पाणी १८ वर, खालचं ६० वर. दोन्हीला जोडणारी वाट मिळाली तर पाणी वरून खालीच जाणार. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात घातलेला पाइप, किती आहे?

धागाकर्ता:
२० फूट. मशीनवाल्यानं तेवढंच पुरे म्हणून सांगितलं.

प्रतिसाद १:
मुरूम पंचवीस फूट आणि केसिंग वीस! म्हणजे खालचा पाच फूट मुरूम बोअरमध्ये उघडाच. मोटर बंद असताना रात्री शांत वेळी बोअरच्या तोंडाला कान लावा. आत टपटप किंवा बारीक धार पडल्याचा आवाज आला तर ते तुमच्या विहिरीचं पाणी आहे, मोटर बंद असली तरी दिवसरात्र खाली जातंय.

प्रतिसाद २:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. आमच्याकडं शिरोळला काळी माती खोल, तिथंही केसिंग आखूड घालून लोक पैसे वाचवतात आणि विहिरी आटवून बसतात. नवीन बोअर घ्यायचाच झाला तर विहिरीपासून लांब घ्या, केसिंग मुरमाच्या खाली घट्ट कातळात आठ-दहा फूट तरी जाऊ द्या आणि बाहेरची फट सिमेंटनं भरून घ्या, हे मशीनवाल्याकडून आधीच कबूल करून घ्या. जुन्या बोअरमध्ये कमी व्यासाचा पाइप आतून कातळापर्यंत उतरवून फट बंद करता येते, फक्त तुमचा पंप त्या पाइपात बसतो का ते आधी बघा.

पुनर्भरण विहिरीत करा, गाळ बसायला खड्डा आणि वाळू-खडीचा गाळणीथर करून. उसाच्या रानातलं खताचं, औषधाचं पाणी बोअरमध्ये सरळ सोडू नका, बंदिस्त थरातलं पाणी सावकाश बदलतं, एकदा खराब झालं की शेजाऱ्यांच्या बोअरलाही तेच. आणि २०० फुटांच्या खाली जाताय तर भूजल कायदा बघा, ६० मीटरपेक्षा खोल असेल त्याला कायद्यात खोल विहीर धरलीय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा.

धागाकर्ता:
आत्ताच जाऊन आलो. मोटर दुपारपासून बंद आहे आणि आत बारीक धार पडतीय, आबांनाही ऐकवलं. गाडीवाल्याला नको म्हणून फोन केलाय. आतल्या पाइपचं काम कागल, निपाणी बाजूला कोण नीट करतं, माहीत असेल तर मेसेज करा.