भिशीची चिठ्ठी क्वांटम कॉम्प्युटरवर काढता येते का?

हळदवाला_सांगली: गल्लीत २० जणांची भिशी आहे. स्टीलच्या डब्यात शेवटी टाकलेल्या चिठ्ठ्या वरच राहतात अशी एका काकूंची कायमची तक्रार, म्हणून मी पायथनमध्ये चार ओळी लिहिल्या आणि पहिल्याच महिन्यात माझाच नंबर लागला 😅 कोड ग्रुपवर टाकला तर एका पोरानं घरी चालवून बघितला, त्याच्याकडं पण माझंच नाव! आता सगळे म्हणतायत सेटिंग केलंय. क्वांटमवाला नंबर खरा रँडम असतो म्हणे, फुकटात जमेल का?

रिकामा_इंजिनिअर: सीड, म्हणजे रँडम जिथनं सुरू होतंय तो आकडा, फिक्स ठेवलास ना लगा? यूट्यूबवरनं उचललेल्या कोडात ४२ असतंयच. पायथनचा रँडम म्हणजे मर्सेन ट्विस्टर, १९९७ चं नुसतं गणित, सीड तेच तर नंबर तेच, मग सांगलीत चालव नायतर मिरजेत.

हळदवाला_सांगली: ४२च होतं 🙈

कृष्णाकाठ: जमतंय की. क्युबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, शून्यावर ठेवायचा, त्याला ० आणि १ च्या मधोमध नेणारं हॅडामार्ड गेट लावायचं आणि मोजायचं, ० किंवा १ निम्मे-निम्मे. नाणं उडवताना जोर, वारा सगळं मोजलं तर निकाल सांगता तरी येईल, इथं आधी मोजण्यासारखं काही नसतंच. आयबीएमची मशीन २०१६ पासून नेटवर आहेत. सगळ्यांना ० ते १९ नंबर द्या, ५ क्युबिट घ्या, ० ते ३१ येतील, २० किंवा वरचा आला की सोडून परत चालवा. २० नं भागून बाकी घेऊ नका, पहिल्या १२ जणांचा चान्स डबल होतो. आणि लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरवर, म्हणजे क्वांटम मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, करू नका हां, तिथं परत तेच गणित. खऱ्या मशीनवर मोजताना ० जरा जास्त पडतात, त्यावर गणितज्ञ फॉन नॉयमनची जुनी युक्ती आहे: तोच क्युबिट दोनदा मोजा, पण दर वेळी परत शून्यावर आणून गेट लावून, ०१ आलं तर ०, १० आलं तर १, दोन्ही सारखे आले की सोडा.

साताऱ्याचा_कंदी: पण १३ नंबर मशीनमधनं आला का तुम्ही टाईप केला, हे काकूंना कसं पटवणार? २०२५ मध्ये क्वांटिन्युअम कंपनीच्या ५६ क्युबिटच्या मशीननं ते पण करून दाखवलं, ७१,३१३ बिट दुसऱ्याला तपासता येतील असे दिले, फक्त तपासायला सुपरकॉम्प्युटर लागले. आमच्याकडं रिकामा डबा सगळ्यांना दाखवतात, चिठ्ठ्या टाकून गदागदा हलवतात आणि तिसरीतली पोरगी डोळे मिटून हात घालते.

हळदवाला_सांगली: पोरगी मिळाली. पण पहिली भिशी परत करा म्हणतायत आणि ते पैसे तर गाडीच्या डाउन पेमेंटला गेले की हो.